डॉक्टरी सोडणारे ‘कच्चे’ असतात म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या दाजींनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला: ‘डॉक्टर मुलांच्या पालकांनो, वेळीच सावध व्हा.’ पाच मुद्दे, खाली हात जोडलेले. माझी भाची एमडीच्या पहिल्या वर्षाला आहे आणि आपण दुसरं काही करावं का, असं दोन महिने म्हणतेय. मेसेज कोणासाठी होता ते सगळ्यांना कळलं. रात्री तिचा फोन आला, “मामा, बाबांना खरंच असं वाटतं?” म्हणून हे लिहितोय. मी स्वतः ठाण्यातला चालता दवाखाना बारा वर्षांनी बंद केला आणि आता रबाळे एमआयडीसीत कारखान्याचा डॉक्टर आहे.

मेसेज म्हणतो, प्रॅक्टिस सोडली की वर्षभरात कौन्सिल नोंदणी रद्द करतं आणि नावापुढे डॉक्टर लावता येत नाही. हे साफ खोटं आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी होतं, त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट (डॉक्टरांच्या परिषदा-प्रशिक्षणांना हजेरी लावून मिळणारे गुण) लागतात. तुम्ही ओपीडी चालवता का, हे त्यात कोणी विचारत नाही. दवाखाना बंद केल्यावर माझं नूतनीकरण झालेलं आहे.

‘सरकारने खर्च केला, सोडणं म्हणजे देशद्रोह.’ यातलं अर्धं मला मान्य करावं लागतं. सरकारी कॉलेजात शिकलात तर बाँड, म्हणजे ठरावीक काळ सरकारी सेवा करण्याचा लेखी करार, असतो आणि तो पाळायलाच हवा. एमडीची सीट मध्येच सोडली तरी दंड बसू शकतो, म्हणून भाचीला मी सांगितलंय की आधी ॲडमिशनच्या वेळी सही केलेले कागद काढ आणि नीट वाच. पण बाँड पुरा झाला की देणं फिटलं. देशद्रोह हा शब्द पोटच्या पोरीला लावायचा नसतो.

आता चौथा मुद्दा, ज्याने माझं डोकं फिरलं. ‘थकवा ही आजकालची फॅशन आहे. आमच्या वेळी ३६-३६ तास ड्युटी करायचे. मूल तक्रार करू लागलं तर पालकांनी ऐकूनच घेऊ नये.’

ऐकूनच घेऊ नये? देशातलं वैद्यकीय शिक्षण पाहणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी नेमलेल्या टास्क फोर्सचा अहवाल २०२४ मध्ये आला. त्यांच्या पाहणीत ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी भाग घेतला आणि त्यातल्या ३१.२ टक्के जणांनी आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं सांगितलं. तिघांत जवळजवळ एक. यातली किती मुलं घरी आधी ‘मला जमत नाहीये’ एवढंच म्हणाली असतील? त्याच अहवालाने आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास काम आणि एक पूर्ण सुट्टी सुचवली आहे. आणि ‘आमच्या वेळी’ म्हणणाऱ्यांनी हेही ऐकावं: केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेतच (एमडी करता करता हॉस्पिटलात काम करणाऱ्या डॉक्टरांसाठीचे नियम) सलग १२ तासांहून जास्त ड्युटी नको, असं लिहिलेलं आहे. तेव्हाही ३६ तास म्हणजे नियम मोडणंच होतं.

मागच्या महिन्यात भाची सानपाड्याला घरी आली होती, मी तिथेच होतो. ताईने पिठलं-भाकरी वाढली. दोन घास खाल्ले आणि पोरगी ताटावरच डुलायला लागली, भाकरीचा तुकडा हातात तसाच. ताईने तिच्या पायातले बूट काढले तरी जाग नाही. दाजी समोर बसलेले होते, त्यांनी हे पाहिलंय.

‘दवाखाना सोडला की उरते ती कारकुनी’ म्हणे. शीवच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमध्ये मी तीन महिन्यांचा एएफआयएच, म्हणजे कारखान्यातल्या कामगारांच्या आरोग्याचा, कोर्स केला, एमबीबीएसवर करता येतो. परवा पेंट शॉपमधल्या एका पोराची स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकायला लावून फुफ्फुसांची तपासणी, केली. गेल्या वर्षीपेक्षा फुंकर बरीच कमी भरली. सोमवार ते शुक्रवार खोकला, रविवारी बरा. साधी कापडी पट्टी बांधून स्प्रे मारत होता, आणि त्या पेंटच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दमा लागतो. मॅनेजरशी दोन दिवस भांडून मी त्याला त्या खात्यातून हलवायला लावलं. दवाखान्यात आला असता तर मी त्याला खोकल्याचं औषध देऊन पाठवला असता, कारण मागे चाळीस जण बसलेले असायचे. आणि श्रीराम लागूंचं काय? कान-नाक-घशाचे सर्जन होते, १९६९ मध्ये पूर्णवेळ रंगभूमीवर आले. ते कच्चे होते?

राहिलं ‘परतीचा रस्ता नाही’. पेशंट थांबत नाहीत, हातही गंजतो, हे खरं आहे. पहिली दोन वर्षं माझी मिळकत निम्म्यावर आली होती आणि घरात त्यावरून बोलणीही झाली. भाचीला मी हे सगळं सांगितलंय, काही लपवलेलं नाही.

दाजी, येत्या रविवारी तिला सुट्टी आहे. मेसेजचा विषय काढायच्या आधी तिला पोटभर झोपू द्या. उठल्यावर ती काय म्हणते ते मध्ये न बोलता ऐका. मी संध्याकाळच्या ट्रेनने येतोच आहे.