सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ

आमच्या शोकेसमध्ये तीन दगड आहेत. बाहेरून बटाट्यासारखे, आत पांढरे-जांभळे स्फटिक. पाहुणे हमखास विचारतात, "अय्या, कुठून आणले हो?" बायको चहाचा कप खाली ठेवते आणि माझ्याकडे बघत सांगते, "अजिंठ्याहून. लेणी नाही बघितली, दगड बघितले."

खरं आहे. तीन वर्षांपूर्वी मी शनिवार-रविवारला सोमवार जोडला, रविवारी वेरूळ उरकलं आणि सोमवारी संभाजीनगरहून शंभर किलोमीटर गाडी हाणत सगळ्यांना फर्दापूरच्या फाट्यावर नेऊन उभं केलं. अजिंठा सोमवारी बंद असतं. हे मी सोडून उभ्या महाराष्ट्राला माहीत होतं. दगड विकणारा तर बहुधा आमच्यासारख्यांसाठीच थांबला होता. "मग उद्या हे बघू, आणि जाता जाता वेरूळ परत एकदा," असं मी उसन्या उत्साहानं म्हणालो, तर तो दगड पुसत म्हणाला, "साहेब, मंगळवारी वेरूळ बंद."

तीन दगड घेतले. त्याच्या ज्ञानाचे पैसे होते ते.

यंदा २६ जानेवारी सोमवारी येतोय असं कळल्यावर मी डाग धुऊन काढायचं ठरवलं. कागदावर उभे वार, आडवी ठिकाणं असा तक्ता आखला आणि फॅननं उडू नये म्हणून त्यावर त्यातलाच एक दगड ठेवला. मग घरच्यांना मत विचारलं. इथे चुकलो.

आई म्हणाली, "वेरूळला जाताच आहात तर घृष्णेश्वर सोमवारीच करायचा. ज्योतिर्लिंग आहे, बुधवारी जाऊन काय उपयोग?" बाबांना खुलताबादचा भद्रा मारुती हवा, तोही शनिवारीच. हा मारुती झोपलेला आहे, त्यामुळे बाबांना त्याच्याविषयी विशेष आपुलकी. भाच्याला लेण्यांचं वावडं, त्याला ट्रेक हवा. त्याला देवगिरी देऊ केला, वर अंधारीची लालूच दाखवली. तिथला काळोखा भुयारी रस्ता ऐकून तो कबूल झाला आणि ताई नाकबूल झाली.

भावोजींना काहीच नको असतं, फक्त माहिती द्यायची असते. "कैलास लेणं वरून खाली कोरलंय, माहितीये ना? आधी कळस, मग पाया." हे ते लग्न झाल्यापासून सांगतायत. पण या वेळी मला ते पटलं. कैलासात एक घाव जास्त बसला तर दगड परत चिकटवता येत नाही. आमच्या तक्त्यात मात्र कुणीही येऊन काहीही चिकटवत होतं. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांनी उघड्या अंगानं जायचं असतं म्हटल्यावर भावोजींची माहिती आटली. जानेवारीची थंडी आणि स्वतःचं पोट या दोन्हींचा विचार करून ते म्हणाले, "मी चपला सांभाळतो."

आईच्या गुडघ्यांसाठी अजिंठ्याला डोली मिळते, असं मी मोठ्या अभिमानानं सांगितलं. आई म्हणाली, "चौघांच्या खांद्यावरून मी एकदाच जाणार आहे, आणि तेव्हा तिकीट काढायचं नाहीये."

रात्री सगळे झोपल्यावर मी वाचत बसलो. वाघाच्या शिकारीला निघालेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला वाघूर नदीच्या घोड्याच्या नालेसारख्या दरीत अजिंठ्याची लेणी दिसली, म्हणे. (आसपासच्या लोकांना ती आधीच ठाऊक असणार, पण त्यांनी तारीख लिहून ठेवली नाही.) ना बुकिंग, ना तक्ता, बरोबर सासू नाही. तारीख होती २८ एप्रिल १८१९. मी मुद्दाम वार काढून बघितला. बुधवार! नशीबवान माणूस.

तिसऱ्या रात्री मात्र तक्ता जमला. शनिवारी पहाटे पुणे सोडायचं, दुपारी भद्रा मारुती. रविवारी अख्खा दिवस अजिंठा, भाच्याला व्ह्यू पॉइंटवरून खाली उतरायची मुभा. सोमवारी पहाटे घृष्णेश्वर, लगेच कैलास, परतीच्या वाटेवर देवगिरी. एकही वार आडवा येत नव्हता. सकाळी मी तो तक्ता सगळ्यांसमोर वाचून दाखवला. आईनं नुसती मान डोलावली, आमच्याकडे याला टाळ्या म्हणतात.

चिरंजीव बिस्किट चहात बुडवून बसले होते. बिस्किट तुटून आत पडलं. ते चमच्यानं शोधता शोधता म्हणाले, "बाबा, सोमवारी झेंडावंदन आहे. मी लेझीममध्ये पहिल्या रांगेत आहे."

कुणी काही बोललं नाही. मग बाबांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, चष्मा लावला आणि ऑगस्टपर्यंत पानं उलटली. "पंधरा ऑगस्ट शनिवारी आलाय," ते खुशीत म्हणाले. "मारुतीचा वार!"

"आजोबा, तेव्हापण झेंडावंदन असतं."

बायकोनं तक्त्यावरचा दगड उचलला, ओढणीनं पुसला आणि शोकेसमध्ये जागेवर ठेवून दिला.