स्कॅनर क्लीन, म्हणून गाडी क्लीन?

सेकंडहँड परफॉर्मन्स गाडी घेणाऱ्यांना एक सल्ला सर्रास दिला जातो: कमी चाललेली बघा, गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर वाचणारा स्कॅनर लावा, एरर नसेल तर बिनधास्त घ्या. आधीच्या मालकाने कितीही पिळलेली असली तरी रेव्ह लिमिटर इंजिन सांभाळतोच.

यातलं लिमिटरचं विधान साफ चूक आहे. लिमिटर इंधन किंवा स्पार्क तोडतो, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबून इंजिनाचे फेरे (आरपीएम) हद्दीबाहेर जाऊ देत नाही. पण मॅन्युअल गाडीत भर वेगात पाचव्यावरून चौथ्याऐवजी दुसरा गिअर पडला, तर चाकंच इंजिनाला फिरवतात. तिथे लिमिटर काय करणार? व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात, कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची वाट लागू शकते. पोर्शच्या बऱ्याच गाड्यांचा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) असे ओव्हर-रेव्ह, म्हणजे आरपीएमने हद्द ओलांडल्याचे प्रसंग, नोंदवून ठेवतो, इंजिनाच्या कितव्या तासाला झाले तेही. तो रिपोर्ट मागाच. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर पुढचं बोलणं तिथेच थांबवलेलं बरं.

आता स्कॅनर. एरर कोड पुसायला मिनिटभरही लागत नाही. मात्र ते पुसले की रेडिनेस मॉनिटरही, म्हणजे गाडी स्वतःच्याच यंत्रणांच्या घेते त्या चाचण्याही, रिसेट होतात, म्हणून आधी ते पूर्ण झालेत का बघा. नसतील तर ‘परवाच बॅटरी बदलली, म्हणून रिसेट झाले’ हे ठरलेलं उत्तर येईल. खरंही असेल, गाडी चालवून मॉनिटर पूर्ण होऊ देत, मग पुन्हा तपासा. शिवाय झिजलेली बेअरिंग किंवा बीएमडब्ल्यू ई४६ एम३ मध्ये मागच्या सबफ्रेमजवळ (सस्पेन्शन धरणारी चौकट) फ्लोअरला जाणारे तडे कुठल्याच स्कॅनरला दिसत नाहीत. त्यासाठी गाडी लिफ्टवरच घ्यावी लागते. इंजिनाची लीक-डाउन टेस्टही करून घ्या, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून ती कुठून गळते ते बघा: हवा ऑइल फिलरमधून आली तर दोष पिस्टनच्या रिंगमध्ये किंवा सिलिंडरमध्ये, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हमध्ये.

कमी किलोमीटर वाईट नाहीत, पण टायमिंग बेल्टला वर्षांचीही मर्यादा असते, ब्रेक फ्लुइड उभ्या गाडीतही ओलावा शोषतं आणि टायर कडक होतात. टायरवर ३५१९ असेल तर तो २०१९ च्या पस्तिसाव्या आठवड्यातला. ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये चारही टायरची झीज सारखी आहे का, हेही पाहा.

आणि इंजिन थंड असतानाच पहिला स्टार्ट ऐका. चेनची खडखड, निळा धूर, जे काही असेल ते तेव्हाच कळतं. तुम्ही पोचायच्या आधीच बॉनेट गरम असेल, तर दुसऱ्या दिवशी न कळवता जा.