रेडटेल कॅटफिशच्या तक्रारीला दुकानाकडून उत्तर

साहेब, नमस्कार.

एक स्टार दिलात, हरकत नाही. पण तुमचा रिव्ह्यू वाचून गिऱ्हाइकं विचारायला लागली आहेत की तुमच्याकडचे मासे रोगट असतात का, म्हणून उत्तर इथेच सगळ्यांसमोर देतो.

ज्यांनी मूळ तक्रार वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साहेबांनी आमच्याकडून तीन इंचांचं रेडटेलचं पिल्लू नेलं आणि घरच्या चार फुटी टाकीत दोन ऑस्कर, दोन पॅरट आणि एक सिल्व्हर अरोवाना या माशांसोबत सोडलं. आधी ऑस्करनी त्याच्या मिशा कुरतडल्या. काही महिन्यांनी दोन्ही पॅरट गायब झाले आणि आता एक ऑस्कर मेला. आम्ही ‘रोगट आणि खुनशी’ मासा गळ्यात मारला, पैसे परत करत नाही, आणि हाच मासा कुर्ल्याच्या बाजारात निम्म्या किमतीत मिळतो, असं त्यांचं म्हणणं.

कुर्ल्याचं खरं आहे. मिळतो.

आता रोगाचं. मेलेल्या ऑस्करचा फोटो तुम्हीच टाकलाय, जरा मोठा करून बघा. शेपटीकडचा भाग धडधाकट आहे, रंगही उतरलेला नाही. डोक्यापासून अर्ध्या अंगापर्यंत मात्र खवले खरवडल्यासारखे निघालेत आणि वरचा चिकट थर साफ गेलाय. रोगाने मेलेला मासा असा अर्धा-अर्धा दिसत नाही. तो रात्री रेडटेलच्या तोंडात डोक्याकडून गेला, पाठीच्या काट्यांमुळे पुढे सरकेना, म्हणून रेडटेलने तो ओकून टाकला. तुमचं नशीब बरं, नाहीतर असा अडकलेला घास दोघांनाही घेऊन जातो.

पॅरटचं कोडंही तेच. पॅरट हा संकर करून तयार केलेला मासा, त्याचं तोंड धड मिटत नाही, पोहण्यातही तो संथ. रात्री दिवा बंद झाला की तो खाली शोभेच्या दगडामागे जाऊन पडतो, आणि रेडटेल नेमका तेव्हाच जागा होतो. डोळ्यांपेक्षा मिशांवर त्याचं काम चालतं, त्यामुळे अंधाराची त्याला अडचण नाही. यात खुनशीपणा कुठे आला? खुनशी म्हणायचंच तर तुमच्या ऑस्करना म्हणा, जागेवरून भांडतात ते. रेडटेल भांडत नाही. तोंडात मावेल ते गिळतो, बस. आणि त्याचं तोंड डोक्याइतकंच रुंद असतं. त्यामुळे टाकीतल्या दुसऱ्या माशाची लांबी बघून उपयोग नाही, तो किती जाड आहे ते बघावं लागतं.

गल्ल्यावर मी स्वतः होतो. दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पिल्लू लहान आहे तोवर मधे जाळी लावा, कारण तीन इंचांचं पिल्लू मोठ्या ऑस्करच्या तोंडात सहज जातं आणि कल्ल्यामागचा काटा ऑस्करच्या घशात अडकतो. आणि जाळी काढायची वेळ येईल तेव्हा ही टाकी कोणा एकाचीच राहील. हे बिलाच्या मागे लिहूनही दिलंय. तुम्ही बिलाचा फोटो टाकलाय, पण पुढच्या बाजूचा.

तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘तिघेही ॲमेझॉनचेच आहेत ना, तिथे एकत्रच राहतात.’ राहतात की. तिथेही रेडटेल बाकीच्यांना खातोच, फक्त पळायला नदी असते.

तुमची टाकी चार बाय दीड बाय दीड, म्हणजे काठोकाठ भरली तरी २५५ लिटर. खडी आणि वरची मोकळी जागा सोडा, सव्वादोनशे धरा. रेडटेल पहिल्या वर्षातच फुटाच्या पुढे जातो, आणि पूर्ण वाढला की मीटरभराच्याही पुढे. दीड फूट रुंदीत दीड फुटाचा मासा वळणार कसा? पारडू गॅलरीत मावलं म्हणून म्हैस मावत नाही.

पाण्याबद्दल रिव्ह्यूत तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. बाटलीत आणलेलं पाणी तुमच्यासमोर तपासलं होतं. अमोनिया, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात उतरणारं विष, नसेल तर टेस्टचा रंग पिवळा राहतो, तुमचा गडद हिरवा झाला. रोज कोंबडीची काळजं घालत होतात. तो खाणारच, ढेकर दिल्यासारखा पडून राहणार आणि सगळी घाण फिल्टरवर येणार. मिशा पुन्हा वाढतात, पण स्वच्छ पाण्यात. तुमच्याकडे त्या वाढल्या नाहीत याचं कारण हेच.

एक प्रश्न तुम्ही रास्त विचारलात: एवढा वाढतो तर विकता कशाला? आम्ही तो काउंटरवर मांडून विकत नाही, सांगितल्यावर मागवतो. गावी सिमेंटचा हौद बांधतोय, दिवाळीपर्यंत पुरा होईल, असं तुम्ही सांगितलंत म्हणून मागवला. हौदाचं काम रखडलं, घरोघरी होतं असं. पण त्याचा राग माशावर आणि दुकानावर का?

पैसे परत मिळणार नाहीत. जिवंत माशाचा नियम भिंतीवर लावलेला आहे आणि तो सगळ्यांना सारखा. मात्र रिव्ह्यूच्या शेवटी ‘नाहीतर तलावात सोडून देईन’ असं लिहिलंत, ते कृपा करून करू नका. सोडून दिलेल्या माशाचं काय होतं ते उजनीच्या मच्छीमारांना विचारा. शोभेच्या टाकीतला सकर मासा आज तिथे त्यांच्या जाळ्यात येतो, काट्यांनी जाळी फाडतो आणि बाजारात त्याला कोणी हात लावत नाही.

रेडटेल आम्ही परत घेतो. बदल्यात त्याच्या आजच्या किमतीइतकं खाद्य किंवा दुसरा मासा न्या. एक मोठा टब असलेलं गिऱ्हाईक माझ्या ओळखीत आहे, मासा तिकडे जाईल.

आणण्याआधी दोन दिवस त्याला उपाशी ठेवा, नाहीतर वाटेत सगळं ओकेल आणि त्याच पाण्यात गुदमरेल. जाळीने पकडू नका, काटे जाळीत अडकतात. झाकणाचा प्लास्टिक क्रेट टाकीत बुडवून त्यात हाकला आणि टाकीतलंच पाणी भरून आणा. सोमवारी दुकान बंद असतं. येताना उरलेल्या ऑस्करचं आणि अरोवानाचं पाणीही बाटलीत आणा, तपासून देतो, त्याचे पैसे नाहीत.