खुलासा : एक रुपयात विमान उडवणारे 'म्हात्रे साहेब'

'सातारचे म्हात्रे, हवाई दलातले अधिकारी, यांनी गरिबाला एक रुपयात विमानात बसवलं, नंतर खासदार झाले, मराठी माणसा जागा हो!' हा मेसेज आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आला. म्हात्रे हे 2024 च्या 'सरफिरा' चित्रपटातलं पात्र. ज्यांच्यावरून ते बेतलं ते कॅप्टन गोपीनाथ कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यातल्या गोरूरचे. आणि ते हवाई दलात नव्हते, भूदलात होते. महाराष्ट्राशी नातं इतकंच, की लष्करी शिक्षण खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत (एनडीए) झालं.

1971 च्या युद्धात ते होते. तिशी गाठायच्या आत नोकरी सोडली. हेमावती धरणात घरची जमीन बुडाली होती. बदल्यात जावगलजवळ मिळालेल्या माळावर तंबू ठोकून राहिले, नारळ लावले, रेशीमशेती केली. त्यासाठी 1996 मध्ये रोलेक्स पुरस्कार मिळाला. खरं तर पिक्चर यावर निघायला हवा होता! मग लष्करातलेच कॅप्टन सॅम्युएल यांच्यासोबत हेलिकॉप्टर कंपनी, आणि 2003 मध्ये एअर डेक्कन ही स्वस्त विमान कंपनी.

एक रुपयाचं तिकीट खरं, पण मोजक्याच सीटना, तेही कर वेगळे. आधी बुक करणाऱ्याला स्वस्त, उशिरा येणाऱ्याला महाग, असा तो हिशेब.

'नंतर खासदार झाले' हेही चूक. 2009 मध्ये दक्षिण बंगळूरमधून अपक्ष उभे राहिले आणि हरले. एअर डेक्कन त्याआधीच मल्ल्यांच्या किंगफिशरकडे गेली होती.