चिऊताई, दार उघड की गं!

पहिलीच्या पोरांना शिकवायचं काय असतं, चिऊकाऊच्या गोष्टी सांगायच्या न् घरी यायचं, असं आमच्या नात्यातले एक काका दर लग्नात मला ऐकवतात, तेही जिलबी वाढून घेता घेता. एकदा त्यांना आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आणून पहिली-दुसरीच्या एकत्र वर्गापुढं उभं करायचंय. सांगा काका, चिऊकाऊची गोष्ट. शेवटाचं राहू द्या, पाऊस येण्यापर्यंत पोचलात तरी मानलं.

गोष्ट तशी साधीसुधी नाही हं. पार लीळाचरित्रात आहे ती, म्हणजे तेराव्या शतकातली, फक्त तिथं चिमणीच्या जागी साळुंकी आहे. एवढी शतकं आयाआज्यांनी ती बिनबोभाट सांगितली कारण त्या ती रात्री सांगायच्या. झोपेला आलेलं पोर प्रश्न विचारत नाही. शनिवारी सकाळच्या शाळेत प्रार्थना म्हणून ताजंतवानं झालेलं पोर विचारतं.

त्यात शनिवार आनंददायी करायचा असतो. दप्तर नको, मुलांना आनंद द्या आणि आनंदाचे फोटो ग्रुपवर टाका. बाहेर जुलैचा पाऊस धो धो, म्हटलं याच्याहून चांगला मुहूर्त कुठला. केली सुरुवात. एक होती चिमणी न् एक होता कावळा, चिमणीचं घर होतं मेणाचं, कावळ्याचं घर होतं शेणाचं.

"बाई, शेण वाहून जात न्हाई."

अहो अजून गोष्टीत ढगसुद्धा आला नव्हता! हा दुसरीतला, याला पुढचं सगळं पाठ. उभा राहून सांगायला लागला की आमची आज्जी शेणी रचती आन् वरनं शेणानंच लिंपती, आख्खा पावसाळा आतलं जळण कोरडं ऱ्हातंय. आता याला काय बोलणार, गावातल्या निम्म्या परड्यांत हा पुरावा उभा आहे. तेवढ्यात गवंड्याचा पोरगा उठला, त्याला मेणाच्या घराचा पाया कसा घेतात ते हवं होतं. खिडकीजवळची म्हणाली, उन्हाळ्यात वितळंल की ओ बाई, मग चिमणी जाईल कावळ्याकडं, मग तो म्हणंल थांब. हे मात्र मला आवडलं, पण कौतुक करायला उसंत कुठली, कारण ट्यूबलाइटच्या पट्टीवर बिऱ्हाड केलेली आमची खरी चिमणी नेमकी त्याच वेळी वाळलं गवत माझ्या हजेरीपटावर टाकत होती आणि सगळा वर्ग माना वर करून मेण शोधत होता.

कावळ्याचं तर विचारूच नका. शाळेमागच्या करंजावर त्यानं काटक्यांत तारांचे तुकडे गुंफून असलं घरटं केलंय की जूनच्या वादळात आमच्या खिचडीच्या खोलीचा पत्रा उडाला, घरटं जागच्या जागी. वर पुन्हा कावळ्यानं करंजावर, आंब्यावर घरटं केलं तर पाऊस चांगला आणि बाभळीवर केलं तर कमी, असं इकडं सगळी जाणती माणसं सांगतात. म्हणून एकानं विचारलं, "त्याला म्हाईतच असतंय की पाऊस येणार, मग शेणाचं कशाला बांधंल?"

"गोष्टीत असतं तसं," मी म्हटलं. हे शिक्षकाचं शेवटचं हत्यार, ते माझं पाऊस यायच्या आत खर्ची पडलं.

मग म्हटलं जाऊ दे, नाट्यीकरण करू, त्यात तोंडं गुंतून राहतात. तर कावळा व्हायला आख्खा वर्ग तयार कारण कावळ्याला दार बडवायला मिळतं, आणि चिमणी व्हायला कुणीच नाही, ती खडूस आहे म्हणे. शेवटी एक मुलगी तयार झाली, ओढणीत पाण्याची बाटली गुंडाळून तिचं बाळ केलं. दोन पोरं हातात हात धरून दार झाली. दारांना संवाद नसतात म्हणून मुद्दाम सगळ्यात बडबडी निवडली होती.

"चिऊताई चिऊताई, दार उघड."

"थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे."

आता इथं आपण लगेच पुढच्या वाक्याला जातो ना? ही नाही गेली. हिच्या घरी दोन महिन्यांचा भाऊ आहे. खाली बसली, पाय लांब केले, बाटलीला पायावर पालथं घातलं, तेल लावलं, डाळीचं पीठ लावलं, डोक्याला हात आडवा धरून पाणी घातलं, बाटलीच्या झाकणावर दोन्ही बाजूंनी फुंकर मारली (ते कान), पुसून झाल्यावर निखाऱ्यावर ओवा टाकून धुरी द्यायला घेतली. एक टप्पा म्हणून गाळला नाही. बाहेर कावळा बडवून बडवून थकला आणि भिंतीला टेकला.

"बाई, मेणाच्या घरात निखारं?" गवंड्याचा पोरगा. हा मुलगा पुढं नक्की बांधकाम खात्यात जाणार आणि कुणाचंही बिल पास करणार नाही.

एवढ्यात पुढच्या बाकावरून मुसमुसणं ऐकू आलं. बारकं होतं, पहिलीतलं. घरी आजोबांचा दहावा नुकताच झालेला, पिंडाला कावळा शिवला तेव्हा सगळे म्हणाले आजोबा आले. आणि आता आजोबा पावसात बाहेर उभे, आणि बाई बाटलीला धुरी देऊ देतायत! सगळा वर्ग माझ्याकडं अशा नजरेनं बघायला लागला की मेणाचं घर माझ्याच नावावर आहे. मी काही बोलायच्या आत डाव्या दारानं हात सोडला.

"ये की आत. म्या उघडतो."

"ए! तू दार हायस! अजून तीट ऱ्हायलीय!" चिमणी बाटली घेऊन धावून गेली. उजवं दार तिच्या बाजूचं निघालं, दोन्ही दारांची आपसांत जुंपली, आणि मागनं दुसरीतली पोरं एका सुरात, "तव्यावर बसव, तव्यावर बसव!" आज्ज्यांच्या गोष्टीत कावळ्याला गरम तव्यावर बसवतात आणि त्याची बसायची जागा भाजते, तो शेवट मी संस्कार वगैरे बघून गाळणार होते. पण गावात आज्ज्या भरपूर आहेत.

आणि दारावर थाप पडली. खऱ्या दारावर. पावसाची झड आत येते म्हणून मी ते लावून घेतलं होतं.

"थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे!" सगळा वर्ग. हो, ते रडणारं बारकंसुद्धा.

धावत जाऊन उघडलं तर केंद्रप्रमुख साहेब, रेनकोटातून पाणी गळतंय, चष्म्यावर वाफ. आले, उभे राहिले आणि पुसायला काही मिळायच्या आधीच त्यांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न टाकला, "हां, मग गोष्टीतून काय शिकलो आपण?"

"दार उघडायचं." "न्हाई, न्हाई उघडायचं, चोर असतोय." "बाळाला पावसात न्हाऊ घालू ने, सर्दी हुती." मी भिंतीवरच्या अध्ययन निष्पत्तींच्या तक्त्याआड जाता येतंय का बघत होते.

मग ग्रामपंचायतीच्या शिपायाची पोरगी उठली. ही कधी बोलत नाही.

"कावळ्यानं घरकुल घ्यायचं, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला. "मग घेतलं का नाही?"

"यादीत नाव न्हाई."

"अर्ज केला होता का? कागदपत्रं दिली?" साहेब बाकाच्या कडेला टेकले. तीन गावांच्या घरकुलाच्या सर्वेक्षणाला शिक्षकच फिरले होते, साहेबांना सगळं तोंडपाठ. "जागा स्वतःच्या नावावर पाहिजे. झाड कुणाच्या गटात आहे?"

पोरगीनं जरा विचार केला. "झाड गायरानात हाय."

"मग अवघड आहे," साहेब म्हणाले. "ते अतिक्रमणात धरतात."