खुलासा: डाइक्स्ट्रांचा अल्गोरिदम टेक्सासमधला नाही

‘टेक्सास विद्यापीठातले प्राध्यापक एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी पीएचडीच्या प्रबंधात लघुतम मार्गाचा अल्गोरिदम मांडला’ हे वाक्य सध्या बरंच फिरतंय. (अल्गोरिदम म्हणजे पायरीपायरीने उत्तर काढायची पद्धत; इथे दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा रस्ता शोधायची.) त्या वाक्यातलं डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रांचं नाव तेवढं बरोबर आहे.

अल्गोरिदम 1956 चा. तेव्हा डाइक्स्ट्रा प्राध्यापक नव्हते, ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रॅमर होते. आर्मॅक नावाच्या नव्या संगणकाच्या उद्घाटनात सामान्य माणसाला समजेल असं काहीतरी दाखवायचं होतं, म्हणून नेदरलँड्समधल्या दोन शहरांतला सर्वांत जवळचा रस्ता शोधायचं ठरलं. नकाशात शहरं 64 घेतली, कारण मग प्रत्येकाचा क्रमांक 6 बिटांत, म्हणजे 0 किंवा 1 अशा सहा अंकांत, मावतो. पद्धत सुचली ती कॅफेत बसल्या बसल्या, कागद-पेन्सिलीशिवाय, वीसेक मिनिटांत. छापून आली 1959 मध्ये. लेख जेमतेम तीन पानांचा.

गोंधळ बहुधा इथेच होतो: पीएचडीही 1959 चीच. पण प्रबंधाचा विषय अगदी वेगळा, एक्स-1 या संगणकातली इंटरप्टची (चालू काम मध्येच थांबवून दुसरीकडे लक्ष द्यायला लावणाऱ्या संकेतांची) हाताळणी. (तो भागही कमी महत्त्वाचा नव्हे, पण पाठ्यपुस्तकांत लघुतम मार्गच भाव खाऊन जातो.)

प्राध्यापकपद मिळालं 1962 मध्ये, नेदरलँड्समधल्याच आइंडहोवनच्या विद्यापीठात, आणि तेही गणिताचं. ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे संगणकशास्त्रातला सर्वोच्च सन्मान, 1972 चा. पुढच्या वर्षी ते बरोज या संगणक कंपनीत संशोधक झाले, आइंडहोवनच्या विद्यापीठातलं काम आठवड्यातून एका दिवसापुरतं उरलं. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात ते गेले थेट 1984 मध्ये, म्हणजे अल्गोरिदमनंतर 28 वर्षांनी.