गॉथिक म्हणजे टेम्पलरांचं गुपित? त्या फॉरवर्डचा मुद्देसूद समाचार

एक मेसेज पुन्हा फिरतोय. वर सीएसएमटीचा फोटो, खाली पॅरिसच्या नोत्र दामचा, आणि मजकूर साधारण असा: टोकदार कमान जास्त मजबूत, पण युरोपात ती कुणाला ठाऊकच नव्हती, टेम्पलर या लढवय्या ख्रिस्ती संघाच्या सरदारांनी जेरुसलेमच्या मंदिराखालून ते गुपित खणून आणलं, मग 1140 नंतर गॉथिक, म्हणजे मध्ययुगातल्या उंच, टोकदार कमानींच्या शैलीतली, चर्चं एकाएकी उगवली, ती सगळी फ्लाइंग बट्रेसवर, म्हणजे भिंतीला बाहेरून टेकू देणाऱ्या अर्ध्या कमानींवर, तोललेली असतात, त्यांत लोखंडाचा तुकडा नाही, बांधताना नकाशे नव्हते, आणि आजवर एकही कोसळलेलं नाही. यातलं 1140 हे साल आणि कमानीचं पूर्वेकडून येणं तेवढं खरं, आणि तेही अर्धंच.

टेम्पलरांपासून सुरू करू, कारण तो मुद्दा दोन तारखांत निकाली निघतो. हा संघ स्थापन झाला 1119 च्या सुमारास, त्याला चर्चची मान्यता मिळाली 1129 मध्ये. इंग्लंडमधल्या डरहम कॅथेड्रलचं काम 1093 मध्येच सुरू झालं होतं आणि बरगड्यांवर, म्हणजे छताखालच्या कमानींच्या सांगाड्यावर, पेललेली दगडी छतं तिथे 12व्या शतकाच्या पहिल्या दशकात उभी होती. गुपित आणणारेच अजून जमलेले नव्हते.

टोकदार कमान पूर्वेकडून आली, हे मात्र बरोबर आहे. कैरोच्या इब्न तुलून मशिदीत (879) अशा कमानींच्या रांगाच्या रांगा आहेत. पण त्यासाठी कुणाला काही खणावं लागलं नाही. सिसिली आणि अमाल्फीच्या व्यापाऱ्यांना त्या कमानी रोज दिसत. इटलीत मोन्ते कासीनोच्या मठात 1071 पर्यंत त्या पोचल्या, तिथला मठ पाहून आलेल्या धर्मगुरूच्या काळात फ्रान्सच्या क्लूनी मठाचं नवं चर्च 1088 मध्ये सुरू झालं आणि त्यात टोकदार कमानी आल्या. क्लूनीचं चर्च तरीही गॉथिक नाही. नुसत्या टोकदार कमानीने इमारत गॉथिक होत असती तर आपला बीबी का मकबराही त्या यादीत घालावा लागला असता.

"एकाएकी उगवली" हा समज सेंट-डेनिसमुळे पसरला. पॅरिसजवळच्या या मठाचा प्रमुख सुजे याने चर्चचा पूर्वेकडचा भाग 1140 ते 1144 मध्ये नव्याने बांधून घेतला. वेग खरोखर थक्क करणारा आहे, पण हे अख्खं चर्च नव्हतं, एक टोक होतं, आणि त्याचाही वरचा भाग 1231 पासून पुन्हा बांधला गेला. सुजेने स्वतः हिशेबी माणसासारखं सगळं लिहून ठेवलंय: दगड पाँत्वाजच्या खाणीतून आला, एवढ्या लांबीच्या तुळया मिळणार नाहीत असं सुतार म्हणाले तेव्हा तो स्वतः जंगलात गेला आणि बारा झाडं शोधून आला. (बांधकामाच्या मुख्य मिस्त्रीचं नाव मात्र त्याने कुठेही दिलेलं नाही. असे मालक आजही भेटतात.) सेंट-डेनिसला नवं काय होतं, तर टोकदार कमान, बरगड्या, सडपातळ खांब आणि मोठ्या खिडक्या हे आधीपासून सुटे सुटे असलेले भाग एकत्र बसवणं. जवळपास त्याच काळात फ्रान्समधल्याच सांसच्या कॅथेड्रलला तोच प्रयोग वेगळ्या पद्धतीने चालू होता.

आता खरा प्रश्न: गवंड्याला टोकदार कमान हवी कशाला होती? मेसेजमध्ये नुसतं "जास्त मजबूत" म्हणून सोडून दिलंय. अर्धवर्तुळाकार कमानीची उंची रुंदीच्या निम्मी, त्यात हलवाहलव नाही. 12 मीटर बाय 6 मीटरचा एक खण, म्हणजे चार खांबांमधला छताचा चौकोन, घ्या. लांब बाजूची कमान 6 मीटर उंच होईल, आखूड बाजूची 3 मीटर, आणि कर्ण 13.4 मीटरचा असल्यामुळे कर्णावरची 6.7 मीटर. तीन कमानी, तीन उंची. त्यांवर छत एका पातळीत बसणार कसं? एक तर आखूड बाजूच्या कमानीखाली उंच खुंट चढवायचे, नाही तर सगळे खण चौरसच घ्यायचे. टोकदार कमान दोन केंद्रांवरून काढतात, म्हणून त्रिज्या आपल्या हातात राहते. कर्णावर अर्धवर्तुळच ठेवा, 6 मीटरच्या बाजूला 9 मीटरची त्रिज्या घ्या, 12 मीटरच्या बाजूला 6.75 मीटरची. तिन्ही माथे 6.7 मीटरवर येतात. शिवाय उभट कमानीचा बाहेरचा रेटा त्याच रुंदीच्या अर्धवर्तुळापेक्षा कमी असतो.

बांधणीचा क्रमही यातूनच ठरतो. बरगड्यांचे खालचे काही थर आडवे, भिंतीतच गुंतवून रचायचे. त्यांना सेंटरिंग (बांधताना खालून दिलेला लाकडी साचा) लागत नाही. त्यांच्या वर लाकडी सेंटरिंगवर बरगड्या, माथ्यावरचा दगड बसला की मधले पातळ पडदे हलक्या फळ्यांवर. चुना सावकाश धरतो, म्हणून सेंटरिंग काढायची घाई अंगाशी येते. आणि आधार थोडेसे जरी बाहेर सरकले तरी छताच्या माथ्याला खालच्या अंगाने लांब भेग पडते. जुन्या चर्चमध्ये मान वर करून पाहिलं की ती बऱ्याचदा दिसते.

"सगळी फ्लाइंग बट्रेसवर." नाही. भिंतीबाहेरच्या या अर्ध्या कमानींचा सर्रास वापर 1180 च्या आसपास सुरू झाला, म्हणजे गॉथिक एक पिढी जुनं झाल्यावर. त्या दोन मजल्यांत असतात तेव्हा खालची छताचा रेटा घेते आणि वरची उंच लाकडी छपरावरचा वारा. पायाच्या खांबावरचा टोकदार मनोरा नुसती शोभा नव्हे. त्याच्या वजनाने रेट्याची दिशा खाली वळते. पण पॅरिसच्या 1248 च्या सेंट-शापेल या प्रार्थनागृहाला फ्लाइंग बट्रेस नाहीतच. दक्षिण फ्रान्समधल्या आल्बीच्या विटांच्या कॅथेड्रलने (1282 पासून) आधाराच्या भिंती आत ओढून त्यांच्यामध्ये प्रार्थनेच्या खोल्या काढल्या.

त्याच सेंट-शापेलमध्ये "लोखंडाचा तुकडा नाही" हा दावाही मोडतो. तिथे भिंती बांधून ठेवणाऱ्या लोखंडी साखळ्या खिडक्यांच्या आडव्या पट्ट्यांत लपवल्या आहेत. नोत्र दाममध्ये 2019 च्या आगीनंतर दगड उघडे पडले तेव्हा 1160 च्या दशकापासूनच्या लोखंडी आकड्यांचे थर सापडले.

नकाशांविषयी थोडक्यात: व्हिलार द ऑनकूरची 13व्या शतकातली चित्रवही उपलब्ध आहे, स्ट्रासबुर्ग कॅथेड्रलच्या दर्शनी भागाचे चर्मपत्रावरचे आराखडेही. फ्रान्समधल्या आम्यां कॅथेड्रलच्या फरशीवरल्या चक्रव्यूहात 1288 मध्ये तीन मुख्य मिस्त्र्यांची नावं कोरली होती: रोबेर द ल्युझार्श, तोमा द कोर्मों आणि त्याचा मुलगा रनो.

"एकही कोसळलं नाही" हे लिहिणाऱ्याने फ्रान्समधल्या बोव्हे कॅथेड्रलचं नाव ऐकलेलं नाही. तिथलं छत सुमारे 48 मीटर उंच, गॉथिकमधलं सर्वांत उंच. 1272 मध्ये पूर्ण झालं, 1284 मध्ये त्याचा काही भाग पडला. नेमक्या कारणावर अभ्यासकांत वाद आहे, पण दुरुस्ती काय केली ते पाहा: दोन खांबांमध्ये आणखी एकेक खांब घातला आणि चार भागांचं छत सहा भागांचं केलं. म्हणजे खांब फार लांब लांब पडलेत, हे त्या मिस्त्र्यांचं निदान होतं. धडा टिकला नाही. चर्चच्या भुजा जिथे छेदतात त्या मधल्या चौकावर 153 मीटरचा मनोरा 1569 मध्ये चढवला. पश्चिमेला मुख्य दालन बांधलेलंच नव्हतं, त्यामुळे त्या बाजूने चौकाच्या खांबांना टेकू नव्हता. 1573 मध्ये मनोरा खाली आला. दालन आजही नाही.

राहता राहिला वरचा फोटो. सीएसएमटी 1878 ते 1888 मधली, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सची. 19व्या शतकातल्या गॉथिक पुनरुज्जीवनाची, इटालियन वळणाची इमारत. तिच्या मधोमध बरगड्यांचा अष्टकोनी घुमट आहे, आणि तसा घुमट फ्रान्समधल्या 13व्या शतकातल्या एकाही कॅथेड्रलवर नाही.